वीस पैलूंचा फासा

परवा सकाळी आमच्या गल्लीत टँकर शिरला. उमरग्यात आता टँकरचं कुणाला नवल राहिलेलं नाही. ड्रायव्हर हॉर्न दाबतो, बाया प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावतात, पाइपातून सांडलेल्या पाण्यानं डांबर काळंभोर होतं आणि बघता बघता पुन्हा पांढुरकं पडतं. मी खिडकीशी उभी राहून बघत होते. दुष्काळ म्हटलं की लोकांना भेगा पडलेली जमीन आठवते. मला आठवते दूध डेअरीतली गार फरशी, रिकाम्या कॅनच्या तळाशी बसलेला आंबूस वास, आणि त्या फरशीवरून घरंगळत जाणारा निळा फासा. त्या फाशाला वीस पैलू होते.

त्या उन्हाळ्यात मला एक माणूस घडवायला सांगितलं होतं. खेळातला माणूस. नाव ठेवायचं, तो कोण ते ठरवायचं, झालं. पुढं जन्मभर मी शाळेत मुलांकडून गोष्टी लिहून घेतल्या, लाल शाईनं तपासल्या. पण ते एवढंसं काम मला तेव्हा जमता जमेना. का जमेना, हे आजही धड सांगता येत नाही. सांगायला लागलं की भलतंच काहीतरी हाताला लागतं.

आमचं गाव मुरुमच्या अलीकडं. बहात्तरचा दुष्काळ मी आईच्या कडेवरून पाहिला, त्यामुळं तो मला फक्त सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या चवीत आठवतो. हा त्यानंतरचा, ऐंशी साल उलटून पाच-सहा वर्षं झाल्यावरचा. मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या सहकारी दूध डेअरीत कामाला होते. दूध मोजून घ्यायचं, फॅट काढायचं, कॅन धुवायचे. पण चारा संपला, जनावरं छावणीला गेली, काही बाजाराला गेली, आणि डेअरीत यायचं ते दूध थांबलं. अण्णा तरी रोज इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि कोरडेच कॅन पुसत बसायचे.

डेअरीत दूध नव्हतं, पण डेअरीच्या बोअरला पाणी होतं. गावातल्या विहिरी तळाला गेल्या, आणि सोसायटीनं ठराव करून बोअर गावाला खुला केला. मोटार चालू करायची, तोटी फिरवायची, हे काम अण्णांकडं आलं. अण्णांचं घरातलं पाळण्यातलं नाव म्हसू. बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी स्वतःचं नाव आनंद ठेवलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर, पगाराला, सगळीकडं आनंद. पण वरच्या आळीत त्यांना कुणी कधी त्या नावानं हाक मारली नव्हती. तिथं ते म्हातारपणाकडं झुकले तरी "ए म्हश्या" होते. त्या उन्हाळ्यात मात्र रांगेतून हाका यायला लागल्या, "आनंदराव, आमची तेवढी टाकी भरा की."

पहिल्यांदा ती हाक आली तेव्हा अण्णांनी मागं वळून बघितलं, दुसरा कुणी आनंदराव उभा आहे का म्हणून.

अशात सोलापूरहून मिलिंद आला. माझा मामेभाऊ. मामा रेल्वेत होते, आणि मिलिंद मुंबईला इंजिनिअरिंग शिकत होता. सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी, म्हणून मामांनी त्याला सुट्टीला आमच्याकडं धाडलं. खेड्यात पाण्यासाठी पाहुणा आला, याचं आईला इतकं हसू आलं की तिनं तलावाच्या कामावर सगळ्या बायांना सांगितलं. मिलिंदच्या पिशवीत दोन पँटी, एक टॉवेल आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. हॉस्टेलातल्या एका मुलाच्या भावानं ते अमेरिकेहून पाठवलेलं. सोबत एक डबी, आणि डबीत ते फासे. चार कोनांचा, आठ पैलूंचा, बारा पैलूंचा, आणि तो निळा, वीसचा.

अण्णांनी डबीत डोकावून विचारलं, "जुगार हाय का रं?"

"नाही अण्णा," मिलिंद म्हणाला. तोही त्यांना अण्णाच म्हणायचा. "याच्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट सांगायची असते. एक जण सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. राक्षस, गुहा, खजिना. तुम्ही काय करणार ते तुम्ही सांगायचं. ते जमतं की नाही, हे फासा सांगतो."

"मग संपतंय कवा?"

"संपत नाही."

अण्णांनी डबी परत दिली. "म्हंजे संसारच की," म्हणाले आणि कॅन पुसायला लागले.

दुपारी पाण्याची रांग ओसरली की आम्ही डेअरीत बसायचो. मी, मिलिंद आणि महादेवी. महादेवी माझी कॉलेजातली मैत्रीण. वरच्या आळीतली, घरात कानडी बोलणारी, मोठ्या वाड्या-शेताच्या घरची. उमरग्याच्या एसटीत आम्ही दोघी दोन वर्षं एका बाकावर बसून गेलो होतो. तिचं लग्न जमलं होतं. पण वऱ्हाडाला पाणी कुठून आणायचं म्हणून पावसापर्यंत लांबलं होतं. या लांबण्याचं तिला दुःख झालंय की आनंद, हे तिच्याकडं बघून कळायचं नाही.

मिलिंदनं कागदावर रेघा आखल्या, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पुस्तकात बघून म्हणाला, "हं. पहिल्यांदा जात निवडायची."

मी पेन्सिल खाली ठेवली.

मागं कॅन पुसायचा आवाज थांबला. महादेवी माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या पालीकडं बघायला लागली. मिलिंदच्या लक्षात यायला क्षणभर लागला, आणि मग त्याचे कान लाल झाले. "तसली जात नाही," तो घाईनं म्हणाला. "मराठीत कसं सांगू? म्हणजे माणूस, की बुटका, की एल्फ."

"एल्फ म्हंजे?" महादेवीनं विचारलं.

"उंच असतात. गोरे, देखणे. हजार वर्षं जगतात. स्वतःला सगळ्यांहून शहाणे समजतात."

"अय्यो, म्हंजे आमचे काका," महादेवी म्हणाली, आणि आम्ही सगळे फुटून हसलो. त्या हसण्यात मघाचं ते वाहून गेलं असं वाटलं. पण वाहून गेलं नव्हतं.

"आन बुटके?" तिनंच विचारलं.

"बुटके डोंगर खणतात. दगड फोडतात. जमिनीखालचं सगळं त्यांना कळतं."

"ते तर रोजगार हमीवरचे," मी म्हणाले.

"मग धंदा निवडायचा. लढवय्या, जादूगार, पुजारी, चोर. पण प्रत्येकाला प्रत्येक धंदा करता येत नाही. आता बुटका आहे, तर त्याला जादू शिकता येत नाही."

"का?" हे मी विचारलं नव्हतं. अण्णांनी विचारलं होतं. ते हातात फडकं घेऊन आमच्यामागं येऊन उभे होते.

"नियम आहे, अण्णा."

"त्याला डोकं नसतं का?"

"असतं. डोक्याचे आकडे चांगले पडले तरी नाही शिकता येत."

"कुणी केला ह्यो नियम?"

"ज्यानं खेळ काढला त्यानं."

"अमेरिकेत?"

"हो."

अण्णांना हसू यायला लागलं. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "तिकडं बी हाय म्हणायचं," म्हणाले आणि फडकं खांद्यावर टाकून बोअरकडं गेले. ते कशाला हसले, हे मला कळलं असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, नव्हतं कळलं. माझ्या वडिलांचं ते हसणं आनंदाचं नव्हतं, रागाचंही नव्हतं, आणि त्याला तिसरं नाव मला अजून सापडलेलं नाही.

महादेवीनं एका दमात ठरवून टाकलं. "म्या चोर व्हणार. बुटकी चोर. भिंतीवर चढंन, कुलपं काढंन, कुणाच्या बापाला घावणार न्हाय." नाव ठेवलं बिजली. जिला घरात मान वर करून बोलायची चोरी, ती चोर व्हायला टपून बसली होती जणू. तिनं फासे टाकले, चपळाईचे आकडे मोठे पडले, आणि तिनं टाळ्या पिटल्या.

माझं घोडं जातीपाशीच अडलं. आधी फासे टाकून बघ, मिलिंद म्हणाला. मी टाकले. ताकद मोठी आली. अक्कल कमी आली. मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. बारावीचा निकाल लागायचा होता, आणि इथं फासा सांगत होता की अंगात बळ आहे, डोक्यात काही नाही. हेच तर ऐकत आलो होतो आम्ही, पिढ्यान् पिढ्या.

"अगं, तुझी अक्कल नाही. तिची!" मिलिंद म्हणाला.

"ती कोण?"

"तेच तर तुला ठरवायचंय."

तिथून तो गोंधळ सुरू झाला. ती कोण? पाणी भरताना, भाकरीचं पीठ मळताना, आईचे मातीनं भरलेले पाय धुवायला तांब्या देताना मी तिचाच विचार करायची. एका दिवशी ती एल्फ असायची, उंच, मोकळ्या केसांची. मग मला वाटायचं, हिला बघून मी स्वतःच रस्त्याच्या कडेला सरकेन. दुसऱ्या दिवशी बुटकी करायची, दगड फोडणारी. पण दगड फोडायचेच असतील तर आईबरोबर तलावावर जावं, खेळायचं कशाला? पुजारीण म्हटलं तर मिलिंद विचारायचा, "देव कोणता?" आमच्या घरात देव नव्हते. खेळात घ्यावेत का? घेतले तर अण्णांना काय वाटेल? मी लिहायची, खोडायची. कागद खोडरबरानं इतका झिजला की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसायचं.

"तुला इतकं का जड जातंय?" मिलिंदनं एकदा विचारलं. महादेवी अजून यायची होती. बाहेर ऊन असं पडलं होतं की पत्र्याचा कडकड आवाज यायचा.

"तुला सोपं गेलं?"

तो फासा तळहातावर फिरवत राहिला. मग म्हणाला, "हॉस्टेलात पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना रँक विचारतात. प्रवेश परीक्षेतली. वाटतं की मार्कांचं विचारतायत. पण रँक ऐकली की त्यांना आपली जातच कळते, आणि मग चेहरा बदलतो. थोडासाच. चहाला बोलवतात, पण चेहरा बदललेला असतो. एका रात्री या खेळाला एक गडी कमी पडत होता, म्हणून मला बोलावलं. मी एल्फ झालो. त्या खोलीत सगळे मला माझ्या एल्फच्या नावानं हाक मारायचे. खेळ संपला की पुन्हा मिलिंद."

"मग बरं वाटायचं की वाईट?"

"दोन्ही," तो म्हणाला. "कळत नाही, सुजा."

मला बरं वाटलं. मुंबईला शिकणाऱ्यालाही कळत नाही म्हटल्यावर.

आणि मग महादेवी यायची थांबली. तिचे काका बैलगाडीवर लोखंडी टाकी घेऊन पाण्याला आले होते. टाकी भरत होती तोवर ते सावलीला म्हणून डेअरीच्या दारात आले. आत महादेवी फरशीवर मांडी घालून बसलेली, आणि आमच्या माठातलं पाणी पीत असलेली. काका रागावले नाहीत. उलट हसले. "काय आनंदराव, पोरी खेळायल्यात व्हय?" म्हणाले, टाकी भरून घेतली आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून महादेवी नाही. तिच्या घरच्या गड्याकडून निरोप आला, लग्नाची पोर, उन्हानं काळी पडंल.

ऊन तर आधीपासून होतं. पण लग्नाची पोर हेही खरंच होतं. आता इतक्या वर्षांनी मी ते दृश्य उलटसुलट करून बघते. माठ बघितला म्हणून? मिलिंदसारखा परका तरुण मुलगा बघितला म्हणून? की खरंच ऊन? सरळ शिवी दिली असती तर निदान कुठं दुखतंय ते कळलं असतं. हसून गेलेल्या माणसाचं काय करायचं?

मी त्या दिवशी अण्णांवर चिडले. "तुमी त्येंची टाकी का भरता? उद्या आलं तर तोटी बंद करा."

"पाणी गावाचं हाय," अण्णा म्हणाले.

"आन नाव? नाव बी पाण्यापुरतंच?"

ते खाली बसले. मिलिंद उठून जायला लागला, तर त्याला हातानंच थांबवलं.

"म्या दीक्षा घिऊन आलो तवा तुझ्याएवढाच व्हतो," ते म्हणाले. "आल्या आल्या घरातलं देव काढलं. खंडोबा, म्हसोबा, समदं. पोत्यात भरलं. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं, पर अडवलं न्हाय. मेलेलं ढोर वढायला जाणार न्हाय म्हणून चावडीवर सांगून आलो. छाती अशी फुगलेली. आन दुसऱ्या दिशी सकाळी आंघुळ केली आन सवयीनं कोनाड्याम्होरं हात जोडून हुबा ऱ्हायलो. बघतो तर कोनाडा मोकळा. नुसती भिंत."

"मग?"

"मग काय. हात जोडलेलं तसंच. खाली घ्यावं का तसंच धरावं, तेच कळंना. वंदना पाठ व्हायची व्हती अजून. जुनं गेलेलं, नवं जिभंवर बसलेलं न्हाय. लोक विचारायचे, आरं, तू आता हायस तरी कोण? म्या म्हणायचा, आनंद. आन माझं मलाच हसू यायचं. कुणी हाक मारली तर वळून बी बघायचा न्हाय म्या."

"मग कधी कळलं तुम्हाला?" मिलिंदनं विचारलं.

अण्णांनी विचार केला. खरंच विचार केला, उत्तर द्यायचं म्हणून दिलं नाही. "लई दिस कळलं न्हाय," म्हणाले. "आता बी कवा कवा न्हाय कळत. पर हात खाली घेतलं व्हतं म्या त्या दिशी. येवढं ध्यानात हाय."

मृगाच्या तोंडाला महादेवी आली. एकटी नाही, मागं तिची चुलती. हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पाऊस पडलेला नव्हता, पण तारीख आणखी लांबवायला मुलाकडचे तयार नव्हते. पत्रिका देताना तिनं चुलतीकडं पाठ केली आणि हळूच विचारलं, "माझी बिजली कुठाय?"

"हाय की. कागद ठिवलाय मिलिंदनं."

"मारू नगा तिला. सासरी गेल्यावर म्या कशी खेळू? तूच चालव. भिंतीवर चढव, खाली पाडू नगंस." तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. चुलतीनं हाक मारली तशी ती वळली. लग्नाला आम्ही गेलो. जेवलो. कुठल्या पंगतीला बसवलं ते सांगत बसत नाही. महादेवीनं बोहल्यावरून मला बघितलं आणि कुणाला दिसणार नाही अशी दोन बोटं भिंतीवर चढवल्यासारखी हवेत चालवून दाखवली. पुढं तिचं सासर पार विजापूरकडं, आणि आमची गाठ पडली नाही.

मिलिंद निघायच्या आदल्या दुपारी आभाळ नुसतंच भरून आलं होतं. अण्णा मोटारीशी काहीतरी खुडबुड करत होते. मी म्हणाले, "मला माणूस कर."

"नुसता माणूस? सगळे पहिल्यांदा एल्फ होतात. माणसाला काही खास नसतं. बाकी सगळ्यांना अंधारात दिसतं, माणसाला तेही दिसत नाही."

"कंदील घीन. पर त्याला धंदा कोणचा बी करता येतो ना?"

त्यानं पुस्तकात बघितलं. "हो. माणसाला कोणताही."

"मग माणूस. बाई. जादू शिकणारी."

"तुझे अकलेचे आकडे कमी आहेत, सुजा."

"शिकंल हळूहळू."

नाव मात्र मी ठेवलंच नाही. मिलिंद म्हणाला, असू दे, खेळता खेळता ठेवू. त्यानं पाय मुडपले, पुस्तक आडवं धरलं आणि सांगायला लागला. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. गावाला दगडी तटबंदी आहे. तू खूप लांबून चालत आलीस. वेशीत एक रखवालदार भाला घेऊन उभा आहे. मिलिंदनं आवाज जाड केला आणि रखवालदार म्हणून विचारलं, "कोण गं तू? कुणाची?"

आमच्याकडं असंच विचारतात. मिलिंदनं मुद्दाम केलं नसणार. पहारेकऱ्यानं दुसरं काय विचारावं? मी तोंड उघडलं. काहीतरी सांगायचं होतं, एखादं नाव, एखादं गाव, काहीही चाललं असतं, सगळं खोटंच तर होतं. माझ्या तोंडून निघालं, "सांगत न्हाय."

"मग आत सोडणार नाही."

"मग मी हितंच बसते. वेशीत."

मिलिंदचा आवाज पुन्हा त्याचा स्वतःचा झाला. "असं नाही करता येत. एकतर लढ, नाहीतर थाप मार, नाहीतर परत फिर."

"पुस्तकात लिवलंय का, की बसायचं न्हाय?"

त्यानं पानं चाळली. पुढची, मागची. बराच वेळ चाळत राहिला. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "नाही लिहिलेलं."

अण्णा हात पुसत आत आले होते आणि माझ्यामागं फरशीवर टेकले होते. मिलिंदनं निळा फासा उचलला. रखवालदार काय करतो, ते आता फासा सांगणार होता. त्यानं तो दोन्ही तळहातांत खूप वेळ खुळखुळवला आणि टाकला. फासा कॅनला आपटून परत आला, थांबला, आणि आम्ही वाकायच्या आत मिलिंदनं त्यावर पंजा ठेवला. बोटांच्या फटीतून त्यानं एकट्यानंच बघितलं.

"रखवालदार बाजूला झाला," तो म्हणाला.

"खरंच?"

"झाला म्हणतोय ना. वेस उघडी आहे."

पंजा त्यानं उचलला नाही. मी त्याच्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. अण्णा कुणाकडंच बघत नव्हते. वेस समोर असल्यासारखे ते डेअरीच्या उघड्या दाराकडं बघत होते.

"आत काय हाय?" मी विचारलं.

"ते तू गेल्यावर कळेल."

मी तशीच बसून राहिले. बाहेर पत्र्यावर एक थेंब वाजला, की चिमणी टेकली, कुणास ठाऊक. शेवटी मागून अण्णांचाच आवाज आला, खेळात ते नव्हते तरी.

"अगं, बसलीस का?" ते म्हणाले. "जा की."